आय ॲग्री

गोठिवलीच्या नाक्यावर झेरॉक्सचं दुकान आहे माझं,
दोन मशीन, एक लॅमिनेशन, एक डुगडुगतं स्टूल.
तो चौकोन पहिल्यांदा दिसला तेव्हा
भाचीला विचारलं, यामिनी, हे काय गं,
कंपनी आपली जात का विचारते?
ती स्टुलावरून पडता पडता राहिली.
मामा, आगरी नाही, ॲग्री. सहमत आहे. दाब.
दाबलं.
तेव्हापासून दाबतोच आहे.

आमच्या पदूआजानेही दाबला होता अंगठा.
खाजणाची पट्टी, भाताची तीन खाचरं,
कागद सरकारी, शाई जांभळी,
वाचून दाखवायला कुणी नव्हतं
आणि साहेबाला उशीर होत होता.
आजी सांगायची, घरी येऊन त्याने
बोट पायरीवर इतकं घासलं
की शाईआधी कातडी गेली.

त्या खाचरांवर आता बिनखिडक्यांची इमारत आहे.
आत गार खोल्यांत मशीनं रांगेत उभी असतात
आणि जगभरच्या लोकांचे फोटो सांभाळतात, म्हणे.
वॉचमन आत सोडत नाही. तोही आमच्याच गावचा.

मार्चमध्ये फोन म्हणाला, तुमची जागा संपली.
दरमहा एकशे तीस भरा.
जागा हा शब्द आमच्या घरात
अजून हळू आवाजात बोलतात.
रात्री पडल्या पडल्या हिशेब केला:
मंजुळाचे फोटो, हळदीतले, एकवीरेच्या पायऱ्यांवरचे,
हॉस्पिटलातले ते दोन, जे मी उघडत नाही,
ते कुठे असतील?
परदेशात असतील. कुणी सांगत नाही.
पण समजा इथेच असले,
तर आजाच्या खाचरात माझी बायको,
आणि भाडं मी भरायचं.

यामिनीने रविवारी जुना लॅपटॉप पुसून कोरा केला,
पुदिन्याच्या नावाचं लिनक्स चढवलं.
म्हणाली, याचं आतलं सगळं उघडं आहे,
कुणीही वाचावं.
मला कुठे वाचता येतंय ते?
सातबारा तरी कुठे कळतो तुला, मामा,
पण मागता येतो ना?

मग प्रिंटर तीन दिवस रुसला.
मराठी जोडाक्षरं विस्कटली, 'प्रतिज्ञापत्र' असं फुटलं
की वकिलाने फाईल तोंडावर मारायची बाकी ठेवली.
एक सरकारी पान नव्यात उघडेचना,
म्हणून जुनं मशीन कोपऱ्यात ठेवलंय अजून, चादर घालून.
गावकीचा ग्रुपही जुन्याच ॲपवर.
तो सोडला तर मयत कुणाचं झालं तेही कळायचं नाही.
नव्या ॲपवर आम्ही दोघंच.
ती सकाळी विचारते, चाय झाली?
मी लिहितो, झाली.
एवढंच. पण ते तिसऱ्या कुणाला कळत नाही.

फोटो उतरायला नऊ तास लागले.
अकरा हजार चारशे, आणि काही नुसतेच पंख्याचे,
चुकून काढलेले. तेही ठेवले.
ती डिस्क फडताळात आहे, वाकट्यांच्या डब्याशेजारी,
दुसरी प्रत यामिनीकडे, दिव्याला.
महिन्यातून एकदा हात लावून बघतो.
गार असते.

काल धायाबाई आली, पेन्शनचा फॉर्म.
कुठे दाबायचा अंगठा, विचारलं तिने,
पुढे केलाच होता.
म्हटलं, थांब, आधी वाचतो.
मागे सहा जण उभे, एकाने घड्याळ पाहिलं,
आणि पान असं, की संपेना, खाली खाली जात राहिलं.
कंटाळशील गं, म्हटलं.
ती स्टुलावर टेकली, स्टूल डुगडुगलं.
वाच रं, मना कुठं जायाचा हाय,
म्हणाली, आणि अंगठा
पदराखाली घेऊन बसली.